अवजड हेलिकॉप्टरचं घोडं कुठे पेंड खातं?

प्रश्न: बडोद्यात सी-२९५ ही लष्करी मालवाहू विमानं जोडण्याचा कारखाना आला. त्याच शेडमध्ये सैन्यासाठी दहा-बारा टन उचलणारं नवं हेलिकॉप्टर का होऊ नये? (एक वाचक, मांजलपूर)

कारण जोडणी वेगळी आणि घडवणं वेगळं. सी-२९५ पहिल्यांदा १९९७ मध्ये उडालं. आपण मागवलेल्या ५६ पैकी ४० विमानं इथे होणार आहेत, पण ती तयार आराखड्यावरून. त्यातलं पत्र्याचं, रिव्हेटिंगचं, वायरिंगचं आणि हायड्रॉलिक नळ्यांचं कसब हेलिकॉप्टरच्या सांगाड्याला आणि मागच्या रॅम्पला (सामान चढवायच्या उतरत्या दाराला) नक्की उपयोगी पडेल. डोक्यावरचा पंखा (रोटर), पाती जिथे जोडतात तो त्याचा हब आणि गिअरबॉक्स यांची विद्या मात्र निराळी आहे. सरकारी विमान कंपनी एचएएलने हाती घेतलेलं आयएमआरएच हे बहुउपयोगी हेलिकॉप्टरसुद्धा १३ टनांच्या वर्गातलं. हवाई दलाकडची १५ चिनूक ही अमेरिकी अवजड हेलिकॉप्टरं प्रत्येकी जवळपास पावणेतेवीस टन वजनानिशी उडू शकतात. १३ टनांची ही मधली पायरी गाळू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: २५ टनांच्या यंत्राला किती अश्वशक्ती लागेल? हिशेब दाखवा. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कारेलीबाग)

२४ मीटर व्यासाचा एकच पंखा धरा. क्षेत्रफळ ४५२ चौरस मीटर. हवेच्या घनतेची दुप्पट गुणिले क्षेत्रफळ, याचं वर्गमूळ काढा. न्यूटनमधल्या वजनाच्या दीडाव्या घाताला त्याने भागलं की एका जागी तरंगण्याची आदर्श शक्ती मिळते. समुद्रसपाटीला ती ३.६ मेगावॅट येते. पात्यांचा विरोध वगैरे धरून ०.७ ने भागा: सव्वापाच मेगावॅट, म्हणजे सुमारे ७,००० अश्वशक्ती. शेपटीच्या पंख्याला आणखी दहाएक टक्के.

आता हेच यंत्र साडेचार हजार मीटरवर उन्हाळ्यात न्या. हवेची घनता घनमीटरला ०.७५ किलोच्या आसपास उतरते आणि गरज ६.७ मेगावॅटवर चढते. नेमकी तेव्हाच इंजिनांची ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटलेली असते. म्हणून शेपटीचा पंखा धरून सपाटीला किमान १५,००० अश्वशक्ती देणारी इंजिनं हवीत. तिसरं इंजिन बसवलं की प्रश्न मिटला, असंही नाही. अमेरिकेच्या सीएच-५३के या अवजड हेलिकॉप्टरमध्ये ७,५०० अश्वशक्तीची तीन इंजिनं आहेत. चाचण्यांत त्यांचा गरम धूर पुन्हा इंजिनांच्याच तोंडात जात होता. गरम हवा विरळ, त्यामुळे ताकद पडते आणि इंजिन जास्त तापतं. ते निस्तरायला बराच काळ गेला.

प्रश्न: आम्ही ट्रक-ट्रॅक्टरचे गिअर बनवतो. हॉबिंग (दात कापणं), ग्राइंडिंग, सगळं संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांवर. हेलिकॉप्टरच्या दातांत एवढं वेगळं काय? (एक कारखानदार, मकरपुरा जीआयडीसी)

खरं घोडं इथेच पेंड खातं. रशियाच्या एमआय-२६ या अवजड हेलिकॉप्टरचा ३२ मीटरचा पंखा मिनिटाला १३२ फेरे घेतो. तेवढ्यातच पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २२० मीटर होतो. फार वाढवला तर टोक ध्वनीच्या वेगाला भिडतं. इंजिनाकडून मात्र हजारो फेरे येतात. ते इतके खाली आणताना मुख्य शाफ्टवर दहा लाख न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पडतो. हे सगळं पेलणारा गिअरबॉक्स साडेतीन टनांच्या घरात बसवावा लागतो.

पोलाद बहुधा ९३१० जातीचं, निर्वातात दोनदा वितळवलेलं. कार्ब्युरायझिंगने, म्हणजे पोलादात कार्बन मुरवून, वरचा सुमारे एक मिलिमीटरचा थर ६० रॉकवेलच्या (कडकपणाचं माप) आसपास कडक करायचा, गाभा चिवट ठेवायचा. मग ग्राइंडिंग, आणि तिथे घात होतो. चाक बोथट असलं किंवा कूलंट नीट पोचलं नाही की दाताचा एखादा पट्टा भाजतो. डोळ्याला तो चकचकीतच दिसतो. म्हणून अल्कोहोलात ३ ते ५ टक्के नायट्रिक आम्ल मिसळून दात त्यात बुडवतात. भाजून मऊ पडलेली जागा काळपट उठते. त्यानंतर भट्टीत शेकून आम्लामुळे शिरलेला हायड्रोजन काढायचा, नाहीतर तपासणीच तड्याला आमंत्रण देते.

ट्रकच्या गिअरचे दात खाल्ले गेले तर आवाज येतो आणि गाडी कडेला लागते. नॉर्वेत २९ एप्रिल २०१६ रोजी एच-२२५ हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधलं एक प्लॅनेट गिअर (मधल्या चाकाभोवती फिरणारं छोटं दातेरी चाक) धातूच्या थकव्याने फुटलं. तडा पृष्ठभागाखालून वाढला, धोक्याची सूचना देणाऱ्या तेलातल्या चुंबकाला धातूचा पुरेसा चुरा सापडलाच नाही, पंखा निखळला आणि १३ जण गेले. २००९ मध्ये कॅनडाच्या किनाऱ्यापुढे एस-९२ हेलिकॉप्टर कोसळलं ते गिअरबॉक्सच्या तेलाच्या फिल्टरचं भांडं धरणारे टायटॅनियमचे स्टड (आट्यांचे दांडे) तुटल्यामुळे. तेल वाहून गेलं, १८ पैकी १७ जण दगावले. तेव्हा दातांइतकंच लक्ष स्टडवर द्या, आणि तेलाविना ३० मिनिटं चालवून पाहण्याची चाचणी आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

प्रश्न: कच्छच्या रणात असं हेलिकॉप्टर उतरलं तर? (दांडिया बाजार)

वरच्याच २५ टनांच्या उदाहरणात पंख्याने खाली ढकललेला वारा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. उडालेल्या धुळीत वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते. तीच धूळ इंजिनातही शिरते, म्हणून इंजिनाच्या तोंडाशी धूळ गाळणारे विभाजक लागतात. पात्याच्या पुढच्या धारेला टायटॅनियमची पट्टी असेल तर वाळू घासून रात्री ठिणग्यांचं कडं उठतं. दिसतं देखणं, पण ती पट्टी झिजत असते, आणि कडं शत्रूलाही दिसतं.