रीफ टँकमधला ॲक्टिव्हेटेड कार्बन: कोणता, किती, आणि घरच्या करवंटीचा कोळसा चालेल का

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वेंगुर्ल्यात 200 लिटरचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातला प्रवाळांचा टँक, त्यात लेदर कोरल, झोअँथिड, मशरूम ही मऊ अंगाची (सॉफ्ट) कोरल, म्हणजे प्रवाळं, आणि एक टँग, म्हणजे सर्जनफिश मासा. पाणी पिवळट दिसतंय, लेदर कोरल चार-पाच दिवस मिटून बसलंय. दुकानदार म्हणतो कार्बन टाका, कुणी म्हणतं कार्बन पाण्यातली, कोरलला लागणारी सूक्ष्म द्रव्यं ओढून घेतो म्हणून टाकूच नका. आणि घरी नारळाच्या करवंट्या ढिगाने आहेत, त्या जाळून कार्बन करता येईल का?

माझं मत स्पष्ट आहे. सॉफ्ट कोरलच्या टँकमध्ये कार्बन हवाच. पण तो थोडा असावा, सतत चालू असावा आणि वेळेवर बदलावा. महिनोन्महिने काही नाही आणि पाणी बिघडलं की एकदम मोठी पिशवी, ही पद्धत कोरलला सोसत नाही.

आधी करवंटीचं. चुलीत किंवा खड्ड्यात जाळून मिळतो तो साधा कोळसा. तो ॲक्टिव्हेट करायला 800 ते 1000 अंश तापमानात वाफ किंवा तसाच वायू त्यातून खेळवावा लागतो. तेव्हा कुठे आत ती असंख्य सूक्ष्म छिद्रं उघडतात आणि एका ग्रॅमला 500 ते 1500 चौरस मीटर इतका पृष्ठभाग मिळतो. पाण्यातले सेंद्रिय रेणू त्या पृष्ठभागावर चिकटतात, कार्बनचं सगळं काम एवढंच. घरच्या कोळशात ही छिद्रं नगण्य असतात, वर राख आणि क्षार पाण्यात उतरतात. तेव्हा करवंट्या बंबालाच ठेवा. वापरलेला कार्बन ओव्हनमध्ये भाजून पुन्हा ताजा करता येतो असंही वाचाल, तेही याच कारणाने होत नाही.

आता आपल्या नारळवाल्या मुलखाला पटायला जड जाईल अशी गोष्ट. कारखान्यात नीट केलेला करवंटीचा कार्बनही या कामाला पहिल्या पसंतीचा नाही. त्याची छिद्रं फार बारीक असतात, क्लोरीनसारखे लहान रेणू तो उत्तम पकडतो. पाणी पिवळं करणारे रेणू मोठे असतात. त्यांना दगडी कोळशापासून केलेला किंवा पीटपासून (दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींपासून) केलेला, आम्लाने धुतलेला कार्बन जास्त चांगला धरतो. पाकिटावर कच्चा माल लिहिलेला असतो, तो बघून घ्या.

आणखी एक, हे जपाच. घरच्या वॉटर प्युरिफायरच्या कँडलमधला कार्बन फोडून टँकमध्ये घालू नका. त्यातल्या बऱ्याच कार्बनवर जंतू वाढू नयेत म्हणून चांदीचा लेप असतो. माणसाला त्याने काही होत नाही, पण कोरल, कोळंबी, गोगलगाय यांना चांदी विषारी आहे.

पिवळेपणा खरा किती ते आधी बघा. दोन पांढऱ्या बादल्या घ्या, एकीत टँकचं पाणी, दुसरीत नवं कालवलेलं मिठाचं पाणी, आणि दोन्ही दिवसाउजेडी शेजारी ठेवा. काचेतून न कळणारा फरक बादलीत लगेच दिसतो. हा रंग म्हणजे अन्न, शेवाळ आणि कोरलचा चिकट स्राव कुजून उरलेली सेंद्रिय द्रव्यं. स्किमर (पाण्यात फेस करून घाण काढणारं यंत्र) त्यातली काही काढतो, उरलेली कार्बन.

लेदर कोरल मिटलंय म्हणून मात्र घाबरू नका. ते अधूनमधून कात टाकतं. अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो, फुलोरा आत जातो, काही दिवसांनी पापुद्रा सुटतो आणि ते पुन्हा उघडतं. पॉवरहेडचा, म्हणजे टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या पंपाचा, प्रवाह त्याच्यावरून नीट जाऊ द्या म्हणजे पापुद्रा लवकर निघेल. बघायचं ते शेजाऱ्यांकडे. लेदर कोरल टर्पीनसारखी द्रव्यं पाण्यात सोडतं, जवळपास दुसरं कोरल वाढू नये म्हणून. प्रवाहाच्या दिशेला असलेले झोअँथिडही मिटले असतील तर तो त्या द्रव्यांचा परिणाम असू शकतो. बंदिस्त 200 लिटरमध्ये ती जाणार कुठे? समुद्रात लाट येते आणि वाहून नेते, इथे ते काम कार्बनचं.

तुमच्या टँकला सुरुवातीला 50 ते 60 ग्रॅम पुरे. दोन आठवडे ठीक गेले तर 100 ग्रॅमपर्यंत जा. घाई करू नका, कारण पाणी एकदम नितळ झालं की दिव्याचा प्रकाश पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आत जातो आणि कोरल पांढरं पडू शकतं. पहिला आठवडाभर दिवा थोडा कमीच ठेवा.

धुण्यात हयगय नको. आरओच्या पाण्यात कार्बन भिजवला की आधी बारीक चुरचुर आवाज येतो आणि बुडबुडे सुटतात, ती छिद्रांतली हवा. रात्रभर तसाच ठेवा, सकाळी तरंगणारे तुकडेही खाली बसलेले असतात. मग गाळणीत घेऊन काळं पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा. तुमच्याकडे टँग आहे म्हणून हे जोर देऊन सांगतोय. सर्जनफिशवर केलेला एक प्रयोग 2011 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, त्यात लिग्नाइट (मऊ तपकिरी कोळसा) कार्बनच्या टँकमधल्या माशांच्या डोक्यावर आणि अंगावरच्या रेषेत त्वचा झिजून खड्डे पडले. संशय मुख्यतः बारीक भुकटीवर आहे. म्हणून ठिसूळ कार्बन घेऊ नका. रिॲक्टर (कार्बन भरलेली बंद नळी, पंप तिच्यातून पाणी सोडतो) वापरत असाल तर प्रवाह इतका मंद ठेवा की दाणे एकमेकांवर घासणार नाहीत. तुमच्या आकाराच्या टँकला संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत), पाणी आरपार जाईल अशा जागी मीडिया बॅग, म्हणजे कार्बन भरलेली जाळीची पिशवी, पुरते.

रिॲक्टरवाल्यांनी विजेचं ध्यानात ठेवावं. 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धन पट्ट्यात कितीतरी दिवस वीज नव्हती. एवढंच कशाला, पावसाळ्यात अर्धा दिवस लाईट जाणं आपल्याला नवीन नाही. बंद नळीतल्या साचल्या पाण्यातला प्राणवायू संपतो. वीज आली की आधी ते पाणी ओतून टाका, मगच पंप जोडा.

कार्बन दर तीन आठवड्यांनी बदला. सूक्ष्म द्रव्यं जातात हे थोडंफार खरं आहे, पण नियमित पाणी बदललं की ती भरून येतात. नायट्रेट, फॉस्फेट, अमोनिया मात्र कार्बनने जात नाहीत. उलट काही स्वस्त कार्बन स्वतःच फॉस्फेट सोडतात. थोडे दाणे आरओच्या पाण्यात रात्रभर ठेवून त्या पाण्याची फॉस्फेट टेस्ट करा, कळेल. माशांना औषध देताना कार्बन काढायचा, नाहीतर तो औषधच ओढून घेतो. उपचार संपल्यावर उरलेलं औषध काढायला पुन्हा घालायचा, पण तांब्याच्या औषधासाठी त्याच्यावर विसंबू नका. उरलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आपल्या दमट हवेत उघडा कार्बन बाष्प आणि डासांच्या अगरबत्तीचा वासही शोषत बसतो.

समुद्राचं पाणी वापरत असाल तर पावसाळ्यात आणूच नका. नद्यांचं गढूळ गोडं पाणी किनाऱ्याला येऊन क्षारता घसरते, ती काही कार्बनने भरून येत नाही. आणि मालवणच्या खडकांवरून काही उचलून आणायचा विचार मनात असेल तर सोडा. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मालवणचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथली प्रवाळं तिथेच राहायला हवीत.

आता क्षारता, नायट्रेट, फॉस्फेटचे आकडे आणि पाणी कुठलं वापरता ते टाका. लेदर आणि झोअँथिड दोन्ही दिसतील असा एक फोटोही द्या, निळा दिवा बंद करून. प्रवाह कुठून येतो ते दिसलं की पिशवी नेमकी कुठे ठेवायची ते सांगतो.