प्लाझ्माच्या रंगावरून त्याचं तापमान कळतं का?

थेट नाही. विरळ प्लाझ्मा (आयनित झालेला, चमकणारा वायू) तापलेल्या लोखंडासारखा सलग वर्णपट देत नाही, ठरावीक तरंगलांबींच्या सुट्या रेषा देतो. म्हणून रंग मुख्यतः वायू कोणता ते सांगतो: निऑन नारिंगी-लाल, आर्गॉन जांभळट. आर्गॉनवर गुलाबी झाक आली तर गळतीतून हवा आत शिरत असल्याचा संशय घ्या आणि ३३७.१ नॅनोमीटरला नायट्रोजनची पट्टी शोधा. ओलाव्याची खूण (पाण्यापासून बनलेल्या OH ची पट्टी) ३०९ नॅनोमीटरच्या आसपास. तिथे क्वार्ट्झचीच खिडकी हवी, साधी काच तो प्रकाश बराचसा शोषते.

तापमानासाठी एकाच मूलद्रव्याच्या दोन रेषांच्या तीव्रतेचं गुणोत्तर घ्या. त्यांच्या वरच्या ऊर्जापातळ्यांत (जिथून खाली येताना अणू ती रेषा देतो) भरपूर अंतर हवं. रेषेचा माथा सपाट दिसला तर डिटेक्टर संपृक्त झालाय (मोजण्याच्या कमाल मर्यादेला पोचलाय), एक्स्पोजर कमी करा. आणि हे महत्त्वाचं: कमी दाबाच्या नळीत मिळणारा आकडा उत्तेजन-तापमानाचा (अणू वरच्या ऊर्जापातळ्यांवर किती प्रमाणात आहेत त्यावरून काढलेल्या तापमानाचा) असतो, वायू त्याहून कितीतरी थंड असतो.