लसीनंतरचा ताप : औषध किती, काळजी किती

प्रश्न : माझ्या अडीच महिन्यांच्या नातीला महापालिकेच्या दवाखान्यात पेंटाव्हॅलंट (डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरच्या एकत्रित) लसीचा दुसरा डोस दिला. रात्री ताप आला आणि डाव्या मांडीवर गाठ झाली. दवाखान्यातून मिळालेले तापाचे औषध द्यावे की घरातली बाटली वापरावी, यावर सूनबाईंचे आणि माझे एकमत होईना. गाठीवर शेक द्यावा का? पुढचा डोस खासगीत ‘न दुखणारा’ घ्यावा का?
– एक आजी, पंचवटी, नाशिक

उत्तर : या लसीनंतर बहुधा त्याच दिवशी ताप येतो आणि दोन दिवसांत उतरतो, गाठ मात्र न दुखता काही आठवडे राहू शकते. तिच्यावर गरम शेक, हळदीचा लेप किंवा चोळणे यांपैकी काहीही करू नये. पहिल्या दिवशी गार पाण्यात पिळलेली स्वच्छ घडी ठेवली तर पुरे. नाशिकच्या थंडीत बाळाला टोपरे, स्वेटर आणि वर दुपटे असे गुंडाळण्याची पद्धत आहे, पण तापलेल्या बाळाच्या अंगातली उष्णता त्यामुळे आतच कोंडते. धुरी-शेगडीही त्या दिवशी नको. अंगावरचे दूध मागेल तेव्हा पाजावे.

बाटलीचा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरे झाले, कारण खरा धोका तापापेक्षा तिथेच अधिक असतो. पॅरासिटामॉलचे प्रमाण बाळाच्या वजनावर, दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम असे ठरते. म्हणजे पाच किलोच्या बाळाला एका वेळी 50 ते 75 मिलिग्रॅम. परंतु थेंबांच्या बाटलीत सहसा एका मिलिलीटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असते, तर पातळ औषधाच्या (सिरपच्या) एका प्रकारात पाच मिलिलीटरमध्ये 125 आणि दुसऱ्यात 250. पहिल्या पातळ औषधाचे अडीच मिलिलीटर या बाळाला योग्य ठरतात, पण थेंबांचे तेवढेच दिले तर 250 मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध पोटात जाते. म्हणून लेबल वाचून एकच बाटली ठरवावी, दुसरी कपाटात ठेवून द्यावी, आणि डॉक्टरांकडून मात्रा मिलिलीटरमध्ये लिहून घ्यावी. घरातल्या चमच्याने मोजू नये. दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर असावे आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा देऊ नयेत. ताप येण्यापूर्वीच ‘येईल म्हणून’ औषध देऊन ठेवण्याची गरज नाही. ॲस्पिरिन तर मुळीच नको.

बाळ तीन तास सलग, कशानेही न थांबता रडत असेल, आकडी आली, अंग ढिले किंवा फिकट पडले, दूध ओढेनासे झाले, ताप दोन दिवसांनंतरही राहिला किंवा मांडीवरची लाली पसरत चालली, तर सकाळची वाट पाहू नये. रोटाव्हायरसचे (जुलाबावरील लसीचे) थेंबही दिले असतील, तर पाय पोटाशी घेऊन रडणे, वारंवार उलटी आणि शीमध्ये रक्त दिसणे, हेही तातडीचे समजावे. असे काही घडल्यास लस देणाऱ्या परिचारिकेला अवश्य कळवावे. त्याची नोंद व्हावी लागते.

‘न दुखणाऱ्या’ लसीत डांग्या खोकल्याच्या जंतूचे मोजकेच घटक असल्याने ताप व सूज कमी असते, हे खरे. तथापि सरकारी लसीतला पूर्ण जंतूचा (अर्थात मारलेला) घटक अधिक काळ संरक्षण देतो. तेव्हा साध्या तापासाठी लस बदलू नये. चौदाव्या आठवड्याचा डोस मात्र लांबवू नये.

प्रश्न : नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस देऊन आठवडा झाला, आता ताप आणि बारीक पुरळ आहे. हे लसीमुळेच का?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : शक्य आहे. या लसीतले दुर्बल केलेले विषाणू शरीरात वाढायला वेळ घेतात, म्हणून ताप व पुरळ पाचव्या ते बाराव्या दिवसांच्या सुमारास दिसतात आणि दोन-तीन दिवसांत जातात. ताप त्याहून लांबला किंवा बाळ मलूल झाले, तर लसीवर भार न टाकता डॉक्टरांना दाखवावे. पावसाळ्यात डेंग्यूचाही विचार करावा लागतो.