प्रश्न वाचकांचे : छोट्या कॅमेऱ्याची पारख

प्रश्न : वापरलेला कॉम्पॅक्ट कॅमेरा विकत घेण्याचा विचार आहे. विकणाऱ्याने दोन दिवस घरी ठेवून पाहायला दिला आहे. लेन्स चांगली आहे की नाही हे घरच्या घरी कसे ओळखायचे? – वाचक, सांगली

उत्तर : दोन दिवस पुष्कळ झाले, खरे काम तासाभराचे आहे. प्रयोगशाळेत यासाठी आयएसओ १२२३३ या मानकाचा छापील तक्ता वापरतात. घरी तेच काम वर्तमानपत्राची पाने बऱ्यापैकी करतात. छोट्या जाहिराती किंवा शेअर बाजाराचे भाव अशी बारीक टाइपाची पाने घ्या. झूम पूर्ण मागे असताना बहुतेक कॉम्पॅक्टचा दृश्यकोन २८ मिमीच्या लेन्सच्या आसपास असतो (३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने). दीड मीटरवरून अशा कॅमेऱ्यात भिंतीचा साधारण १.८५ मीटर रुंद आणि १.४ मीटर उंच भाग मावतो. या चौकटीच्या चारही कोपऱ्यांत एकेक आणि मधोमध एक पान सपाट चिकटवा. कोपऱ्यांतल्या पानांवर स्केचपेनने १, २, ३, ४ असे मोठे आकडे घाला. ते पुढे लागणार आहेत. भिंतीवर उजेड सारखा हवा. सावलीतली बाहेरची भिंत सर्वांत सोयीची.

कॅमेरा भिंतीला अचूक समांतर नसेल तर सगळी चाचणी वाया जाते. त्यासाठी मधल्या पानाच्या मध्यावर छोटा सपाट आरसा लावा आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत ट्रायपॉड सरकवत राहा. मग आरसा काढा. आयएसओ (इथे मानक नव्हे, कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) सर्वांत कमी (८० किंवा १००), जेपीईजीचा दर्जा सर्वांत वरचा, डिजिटल झूम बंद. कॅमेरा ट्रायपॉडवर असल्याने हाताचा हादरा सावरणारी सोयही (इमेज स्टॅबिलायझेशन) बंद ठेवा आणि २ सेकंदांचा सेल्फ-टायमर लावा, म्हणजे बटण दाबल्याचा हादरा फोटोत उतरणार नाही. प्रत्येक वेळी नव्याने फोकस करून तीन-तीन फोटो घ्या, कारण ऑटोफोकस दर वेळी थोडा वेगळा बसतो. तिन्हींतला सर्वांत रेखीव तोच लेन्सची खरी कुवत दाखवतो. हेच झूमच्या मध्यावर आणि टोकाला करा. टोक १०० मिमीचे असेल तर तेवढीच चौकट मिळवायला सुमारे सव्वापाच मीटर मागे जावे लागेल.

निकाल कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहू नका. ४.६ लाख ठिपक्यांच्या स्क्रीनवर प्रत्यक्षात ४८० × ३२० एवढेच पिक्सेल असतात. तिथे सगळेच फोटो छान दिसतात. संगणकावर १०० टक्क्यांवर, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर, असे बघा. कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ असणे हे छोट्या लेन्सच्या बाबतीत नेहमीचेच. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर काळजी नको. एकच कोपरा किंवा एकच बाजू बिघडलेली दिसली तर मात्र सावध व्हा. आतले एखादे भिंग जागेवरून हलले असण्याची शक्यता असते आणि कॅमेरा पडलेला असल्यास ते सहज घडते.

खात्री करण्यासाठी कॅमेरा उलटा करा : पुस्तकांच्या चवडीवर घडी घातलेला टॉवेल, त्यावर कॅमेरा पालथा. आरशाने पुन्हा समांतर करून फोटो घ्या. आधी २ क्रमांकाचे पान धूसर होते आणि आताही तेच आहे, तर दोष मांडणीत आहे. धूसरपणा २ वरून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात गेला, तर तो लेन्सचा आहे. असा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. लेन्सचा पूर्ण भागच बदलावा लागतो आणि जुन्या कॅमेऱ्यात तो खर्च परवडत नाही.

जाता जाता उजळ आभाळासमोरच्या झाडाच्या बारीक फांद्यांचाही एक फोटो घ्या. कडांना जांभळी किनार किती येते ते त्यात लगेच कळते.

प्रश्न : माझ्या १६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आयएसओ ८०० वर घेतलेले चेहरे मेणाचे वाटतात, पण पाटीवरची अक्षरे मात्र स्पष्ट येतात. कॅमेरा बिघडला आहे का? – वाचक, नाशिक

उत्तर : नाही. तुमच्या निरीक्षणातच कारण दडले आहे. आयएसओ वाढवले की प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरकडून येणाऱ्या संकेतात दाणे वाढतात. जेपीईजी बनवताना कॅमेरा ते दाणे पुसतो. पुसताना त्याला दाणा कोणता आणि तपशील कोणता हे अंदाजाने ठरवावे लागते. काळ्या-पांढऱ्या अक्षराची कड ठळक असते, ती वाचते. त्वचेचा पोत, केस, गवत, लोकरीची वीण यांत उजेडाचा फरक अगदी कमी असतो. तो दाण्यांसारखाच दिसतो आणि दाण्यांबरोबरच पुसला जातो.

म्हणून वर सांगितलेली वर्तमानपत्राची चाचणी आयएसओसाठी कुचकामी आहे. तिथे खादीचा किंवा लोकरीचा कपडा, वाटीभर मोहरी, बाहुलीच्या किंवा माणसाच्या केसांची बट आणि मागे एक अंधारा कोपरा अशी मांडणी करा. उजेड स्थिर हवा. ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) तेच ठेवून आयएसओ १००, २००, ४००, ८००, १६०० असे दुप्पट करत जा. शटरचा वेळ दर पायरीला निम्मा होईल. केस एकमेकांत मिसळून पट्टा दिसू लागला की त्याच्या आधीची पायरी ही तुमच्या कॅमेऱ्याची मर्यादा. ती कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा. मेनूत नॉइज रिडक्शन (दाणे पुसणे) कमी करण्याची सोय असेल तर अवश्य करा. थोडे दाणे असलेला चेहरा मेणाच्या चेहऱ्यापेक्षा केव्हाही चांगला. रॉ फाइल (कॅमेऱ्याने दाणे न पुसलेली मूळ फाइल) मिळत असेल तर तीही सोबत घ्या, म्हणजे दोष सेन्सरचा किती आणि पुसण्याचा किती हे वेगळे काढता येईल.

या मर्यादेचे मूळ सेन्सरच्या आकारात आहे. नेहमीच्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर ६.१७ × ४.५५ मिमीचा, म्हणजे २८ चौरस मिमीचा असतो. सोनीने २०१२ मध्ये आरएक्स१०० या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात घातलेला ‘१ इंची’ म्हणवला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमीचा, म्हणजे ११६ चौरस मिमीचा आहे. क्षेत्रफळ चौपट, म्हणून त्याच ॲपर्चरला आणि त्याच शटरवेगाला प्रकाशही चौपट. त्याच काळातल्या छोट्या सेन्सरचे आयएसओ ४०० आणि याचे १६०० साधारण एका तोलाचे. मेगापिक्सेलचा आकडा यातले काहीच सांगत नाही.

प्रश्न : ॲपर्चर लहान केले की फोटो जास्त रेखीव येतो असे ऐकले होते. माझ्या कॉम्पॅक्टवर एफ/८ ला उलट धूसर येतो. असे का? – वाचक, पणजी

उत्तर : ऐकले ते मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांना लागू आहे. छिद्र लहान झाले (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) की प्रकाश त्याच्या कडांवर पसरतो आणि बिंदूची चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी तिचा व्यास एफ/२.८ ला सुमारे ३.८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एफ/८ ला १०.७ मायक्रॉन. १/२.३ इंची १६ मेगापिक्सेल सेन्सरचा एक पिक्सेल १.३४ मायक्रॉनचा, म्हणजे एफ/८ ला एक बिंदू आठ पिक्सेलभर पसरतो. अशा कॅमेऱ्यावर एफ/२.८ ते एफ/४ एवढ्यातच राहा. मागचे-पुढचे सगळे फोकसमध्ये यावे म्हणून ॲपर्चर लहान करण्याचीही गरज नाही. या आकाराच्या सेन्सरवर एफ/२.८ ची फोकसची खोली फुल फ्रेमवरच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवरच्या) एफ/१६ च्या जवळपास असते. ऊन फार असेल तर शटरवेग वाढवा.

प्रश्न : ट्यूबलाइटखाली एकाच जागेवरून घेतलेल्या फोटोंचा रंग आणि उजेड दर वेळी वेगळा येतो. – वाचक, इंदूर

उत्तर : आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. १/२५० सेकंदाला शटर त्या चढउताराचा जेमतेम एक तुकडा पकडते. १/५० किंवा १/२५ ठेवा, फोटो सारखे येतील. स्वस्तातल्या काही एलईडी दिव्यांनाही हाच उपाय लागतो.

रंगासाठी व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंग जुळवण्याची सोय) स्वतः बसवा, पण चकचकीत पांढऱ्या कागदावर नको. त्यात मिसळलेले उजळ करणारे रसायन अतिनील किरणांत निळसर चमकते आणि मग फोटो पिवळट येतो. करडे कार्ड नसेल तर नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप पुठ्ठ्यावर आठ-दहा थरांत गुंडाळा. टेफ्लॉन सगळे रंग जवळपास सारखेच परावर्तित करते.

प्रश्न : १६ मेगापिक्सेलमधून केवढी प्रिंट निघेल? – वाचक, लातूर

उत्तर : फोटो ४६०८ × ३४५६ पिक्सेलचा आहे. १२ × १८ इंचांवर इंचाला २५६ पिक्सेल मिळतात, तेवढे पुरेसे आहेत. ए४ ला तर इंचाला ३०० च्या हिशेबाने ८.७ मेगापिक्सेलच लागतात. अर्थात मूळ फोटो कमी आयएसओचा आणि न हललेला हवा.

प्रश्न : झूम केल्यावर आभाळात दर वेळी एकाच जागी करडे डाग दिसतात. लेन्स पुसूनही जात नाहीत. आत बुरशी असेल का? – वाचक, रत्नागिरी

उत्तर : डाग जागा सोडत नाहीत आणि लेन्स पुसून जात नाहीत, तेव्हा ती सेन्सरवरची धूळ आहे. कॅमेरा सुरू-बंद होताना लेन्सची नळी पुढे-मागे सरकते, हवा आत ओढते आणि हवेबरोबर धूळही. झूमच्या टोकाला प्रकाश अरुंद झोताने येतो म्हणून सावली ठळक पडते.

बुरशीमुळे डाग पडत नाहीत, सगळा फोटोच पांढुरका, निस्तेज होतो. ती पाहायची तर झूम पूर्ण बाहेर काढून लेन्सवर बाजूने टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे. कोकणातल्या पावसाळ्यात कॅमेरा कापडी पिशवीत ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखा.

धूळ काढायला कॅमेरा उघडावा लागतो. ते घरी करू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असतो आणि बॅटरी काढली तरी तो बराच वेळ टिकतो. दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या आणि देताना डाग दिसणारा एक फोटो सोबत द्या. काम झाल्यावर त्याच झूमवर, त्याच आभाळाचा फोटो तिथेच काढून बघा, मगच पैसे चुकते करा.