वजन तेच, मग साखळीची रचना कशी ओळखायची?

प्रश्न : रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरून ग्रॅसिलॅरिया हे लाल शेवाळ गोळा करून आम्ही महाविद्यालयात त्यातून आगर, म्हणजे शर्करांच्या लांब साखळ्यांचा जेलीसारखा गोठणारा पदार्थ, काढले. त्याची रचना मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंचे वजन मोजण्याच्या तंत्राने, समजेल असे सांगण्यात आले. परंतु ग्लुकोज, गॅलॅक्टोज आणि मॅनोज यांचे वस्तुमान एकच असताना केवळ वजनावरून रचना कशी कळणार?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. या तिन्ही शर्करांचे रेणुसूत्र एकच आणि वस्तुमानही एकच, १८०. एवढेच नव्हे, तर ग्लुकोजची दोनच सहाकोनी वलये एकमेकांना ११ निरनिराळ्या प्रकारे जोडता येतात आणि त्या अकराही द्विशर्करांचे वस्तुमान ३४२ भरते. म्हणून पहिल्या वर्णपटातून (वजनांच्या शिखरांच्या आलेखातून) दुवे किती आणि कोणत्या वजनाचे एवढेच कळते, रचना नव्हे. रचना हवी असेल, तर तिच्यातील फरक आधी रसायनशास्त्राच्या साहाय्याने वजनाच्या फरकात उतरवावा लागतो; पुढचे सर्व प्रयत्न त्यासाठीच असतात.

अख्खे आगर यंत्राला झेपत नाही, कारण त्याच्या साखळ्या फार लांब आणि असमान असतात. त्यामुळे आगारेज विकराने किंवा सौम्य आम्लाने त्यांचे लहान तुकडे करतात. जोडताना पाण्याचा एक रेणू निघून जात असल्याने साखळीत गॅलॅक्टोजचा दुवा १६२.०५ आणि अॅनहायड्रोगॅलॅक्टोजचा (आणखी एक पाण्याचा रेणू गमावलेल्या गॅलॅक्टोजचा) १४४.०४ वजनाचा असतो, म्हणून वर्णपटात ३०६.१ च्या अंतराने शिखरांची रांग दिसते. चार दुव्यांचा तुकडा सोडियमसह ६५३.२ ला दिसेल. एखादे शिखर त्याच्यापुढे १४.०२ ने सरकलेले असेल, तर तेथे मेथिल गट असण्याची शक्यता असते, ७९.९६ ने सरकलेले असेल, तर सल्फेटची. ग्रॅसिलॅरियाच्या आगरात हे दोन्ही गट निसर्गतःच आढळतात. आगर घट्ट गोठावे म्हणून शेवाळाला अल्कलीची प्रक्रिया देतात, तेव्हा सल्फेटयुक्त एल-गॅलॅक्टोजचा २४२.०१ चा दुवा सल्फेट गमावून १४४.०४ चा होतो. प्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे असे दोन्ही नमुने तुम्ही अवश्य तपासावेत, कारण हा बदल वर्णपटात डोळ्यांनी पाहता येतो.

यानंतर एकच आयन निवडून त्याला वायूच्या रेणूंवर आदळवतात. दोन शर्करांमधला बंध तुटला, तर दुव्यांचा क्रम कळतो. शर्करेचे वलयच आडवे फुटले, तर जोड कोणत्या कार्बनवर आहे याचा सुगावा लागतो, आणि सोडियमयुक्त आयनांत हे दुसरे तुकडे अधिक मिळतात. डोमन आणि कॉस्टेलो यांनी १९८८ मध्ये ठरवलेल्या पद्धतीनुसार या तुकड्यांना ए, बी, सी आणि एक्स, वाय, झेड अशी नावे देतात. तुकडा साखळीच्या कोणत्या टोकाचा आहे याविषयी गोंधळ होऊ नये म्हणून क्षपणक्षम टोक (साखळीचे पहिला कार्बन मोकळा असलेले टोक) सोडियम बोरोड्युटेराइडने, म्हणजे जड हायड्रोजन देणाऱ्या क्षपणकाने, आधीच क्षपित करून ठेवावे. त्या टोकाचे वजन ३.०२ ने वाढते आणि ते टोक ओळखू येते. सल्फेट मात्र आदळताच गळून पडते. त्याची जागा शोधायची असेल, तर ऋण आयनांवर आणि कमी ऊर्जेने काम करावे.

माझ्या मते या विषयातला सर्वांत देखणा टप्पा मेथिलीकरणाचा आहे. मोकळा असलेला प्रत्येक हायड्रॉक्सिल गट मेथिलने झाकायचा, मग साखळी तोडायची आणि तोडल्यामुळे नव्याने मोकळे झालेले गट अॅसिटिलने झाकायचे. जेथे अॅसिटिल बसले, तेथे पूर्वी जोड किंवा वलयाचा बंध होता. वायू वर्णलेखनाला (मिश्रणाची वाफ स्तंभातून नेऊन घटक वेगळे करण्याच्या तंत्राला) जोडलेल्या स्पेक्ट्रोमीटरवर आगरातील गॅलॅक्टोज २, ४ आणि ६ या कार्बनांवर मेथिल असलेला दिसतो, म्हणजे, वलयात गुंतलेले पहिला आणि पाचवा कार्बन सोडले, तर जोड तिसऱ्या कार्बनवर होता. तो ग्लुकोज नसून गॅलॅक्टोजच आहे हे स्तंभातून बाहेर पडण्याच्या वेळेवरून, प्रमाण नमुन्याशी ताडून ठरवतात. येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. नैसर्गिक मेथिल गट नव्या मेथिल गटांत हरवू नयेत म्हणून ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजनयुक्त) मेथिल आयोडाइड वापरावे. आणि अॅनहायड्रोगॅलॅक्टोज नेहमीच्या आम्लात नष्ट होत असल्याने क्षपणासह जलविघटन करावे.

इतके करूनही अॅनहायड्रोगॅलॅक्टोज एल रूपातला, म्हणजे आगरचा, की त्याच्या आरशातील प्रतिमेसारख्या डी रूपातला, म्हणजे कॅराजीनन या लाल शेवाळांतल्याच दुसऱ्या पदार्थाचा, हे वजन सांगू शकत नाही. त्यासाठी असममित अल्कोहोलशी संयोग करून वायू वर्णलेखन करावे किंवा एनएमआर (चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांच्या प्रतिसादाचा वर्णपट) घ्यावा.

प्रश्न : कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानलाही हे सर्व करावे लागते का?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : नाही. तेथे सर्व जोड पहिल्या आणि चौथ्या कार्बनमधील बीटा प्रकारचेच असतात, हे आधीच माहीत आहे. दुवेही दोनच प्रकारचे, अॅसिटिलयुक्त २०३.०८ आणि अॅसिटिलरहित १६१.०७, त्यांच्यातला फरक ४२.०१. त्यामुळे ते कोणत्या क्रमाने येतात एवढेच शोधायचे उरते, आणि कायटोसानचे लहान तुकडे करून, त्यांच्या एका टोकाला जड ऑक्सिजनची खूण करून ते आदळवले, तर हा क्रम मास स्पेक्ट्रोमेट्री उत्तम प्रकारे वाचते.