पेन्सिल सोडायची का? चादरीच्या धंद्यातलं उत्तर

तुम्ही विचारलंय, टेक्स्टाइल डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत सोलापूरला चादरीच्या कारखान्यात शिकायला जाणार आहे. सगळं सॉफ्टवेअरवर होत असताना हाताने चित्र काढायला शिकण्यात वेळ का घालवायचा? मी बावीस वर्षं याच कामात आहे, सुरुवात ग्राफ, म्हणजे विणायच्या नक्षीचा चौकटींचा कागद, रंगवण्यापासून केली.

आधी कबूल करतो, ग्राफ हाताने भरायला मुळीच शिकू नका. आम्ही एकेक घर ब्रशने रंगवायचो, मग ते बघून कार्डं पंच व्हायची. मागावर नक्षी विणणाऱ्या १८०४ च्या जॅकार्ड यंत्राचा हिशोबच तो: कार्डाला भोक असेल तर हुक उभा धागा उचलणार, नसेल तर नाही. एका मोरापायी आठवडाभर डोळे फुटायचे. गेलं ते, बरं झालं.

शिकत असताना मी साध्या चौकोनी ग्राफवर सुरेख गोल चक्र काढलं होतं, ४८ घरं रुंद, ४८ घरं उंच. मागावर एका घराला एक धागा, आणि इंचाला उभे धागे ४८, आडवे ३२. चक्र निघालं एक इंच रुंद आणि दीड इंच उंच. उभं अंडं! मास्तर रागावले असते तर चाललं असतं, ते नुसतं बघत राहिले. आज धाग्यांचे आकडे भरले की हे प्रमाण सॉफ्टवेअर सांभाळतं. तेवढ्यापुरता हात नकोच.

हात लागतो तो गिऱ्हाईक समोर बसल्यावर. त्याला स्क्रीनवर रंगवलेलं तयार डिझाइन दाखवा, तो फक्त रंगावर बोलेल, "लाल जरा गडद करा." तेच पेन्सिलीने खरडलेलं दाखवा, तो पेन्सिल मागून घेतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका व्यापाऱ्याने माझा कागद घेतला आणि काही न बोलता चार घड्या घातल्या, दुकानाच्या फळीवर चादर ठेवतात तशा. घडी नेमकी मोराच्या मानेवर. "साहेब, गिऱ्हाइकाला आधी हेच दिसणार." मोर वीतभर खाली सरकवला. स्क्रीनला घडी कोण घालणार?

चित्र छान यायला हवं असंही नाही. माझा मोर अजून कोंबडीच्या वळणावर जातो.

जायच्या आधी एवढं करा. घरातली जुनी सोलापुरी चादर जमिनीवर पसरा आणि नक्षी पुन्हा सुरू होते तिथपर्यंतचा तुकडा पेन्सिलीने उतरवा. मग चादर उलटून तोच तुकडा मागून काढा. वीण दुहेरी असल्याने रंगांची अदलाबदल झालेली दिसेल: पुढे जो जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या मोकळ्या भागाचा रंग, तो मागे नक्षीचा. कुठला धागा कधी खाली गेला हे फोटो झूम करून कळत नाही, काढताना अडखळलात की कळतं. खोडरबर मात्र घरीच ठेवा, चुकलेली रेघ कारखान्यातल्या मास्तरांना दाखवायला लागेल.