लाईनीतली तिसरी खोली कोणाची होती?

जुन्या घरांबद्दल लिहा म्हटलं होतं तर पत्रं आली, व्हॉट्सअॅपवर मेसेज आले, एकानं तर दहा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. गंमत म्हणजे वाड्याबद्दल कोणीच विचारलं नाही. सगळे प्रश्न एकाला एक लागून असलेल्या खोल्यांचे, रेल्वेच्या लाईनी, जिनिंगच्या चाळी. बरंच झालं, वाड्यांवर लिहिणारे खूप आहेत. जमले तेवढे प्रश्न घेते.

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावाजवळ शकुंतलेचं, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूरच्या छोट्या रेल्वेचं, जुनं स्टेशन आहे, त्याच्या मागं रेल्वेच्या खोल्यांची एक लाईन आहे, एकाच लांब छपराखाली, भिंतीला भिंत. आता दारं-खिडक्या लोकांनी काढून नेल्या, आत बाभळी उगवल्या. तिथं कोण कोण राहत होतं ते मले लिहून ठेवायचं आहे. म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर म्हणतात, "रेल्वेवाले राहत होते बापा," अन् त्याच्या पुढं काही निघतच नाही. कसं करू?

उत्तर : भाऊ, "तुमच्या काळी कसं होतं" असं विचारलं की माणूस एकतर गप्प बसतो नाहीतर भाषण देतो, तेल किती स्वस्त होतं अन् पोट्टे कसे ऐकत होते. त्यापेक्षा एक मोठा कागद घ्या, त्यावर खोल्या काढा, आणि म्हाताऱ्यांना सकाळी उन्हाच्या आधी तिथंच घेऊन जा. मग एकेका दाराचं विचारा. स्टेशनकडून पहिली खोली कोणाची? तिच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, कोण बसायचं? विहिरीवर पहिला नंबर कोणाचा लागायचा, भांडण कोणाशी व्हायचं? आणि बायकांना आधी विचारा. पुरुषांना हुद्दे आठवतात, बायकांना माणसं आठवतात. "मेटची (गँगच्या मुकादमाची) बाई", "पॉइंटमनची (रुळाचे सांधे बदलणाऱ्याची) पोरगी" असं काही निघालं तरी तसंच लिहून घ्या, नाव मागून सापडते, त्या बाईचं माहेर आठवलं की बरेचदा आडनावही आठवते.

आता एक अडचण येईलच. तिसऱ्या खोलीत कोण राहायचं यावर दोन म्हातारे भांडतील. दोघंही खरं सांगत असू शकतात, कारण रेल्वेत बदल्या होत राहायच्या, एका खोलीत पाच बिऱ्हाडं येऊन गेली असतील. म्हणून एकाचं खोडून दुसऱ्याचं लिहू नका, साल काढा. साल विचारून कोणी सांगत नाही, त्याला खुणा लागतात. नागपूरला धम्मदीक्षा झाली ते १९५६, बहात्तरचा दुष्काळ, इंदिराजी गेल्या ते १९८४, मोवाडचा पूर ३० जुलै १९९१. "दुष्काळाच्या आधी आले का नंतर" एवढं विचारलं तरी बिऱ्हाडांचा क्रम लागत जातो. शकुंतलेची स्वतःची एक खूण आहे ती तर फार कामाची. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं, मग डिझेल आलं. म्हणजे कोणी म्हणालं की आम्ही लहानपणी रुळाकडेनं अर्धा जळलेला कोळसा वेचायला जायचो, तर ते १९९४ च्या आधीचं बिऱ्हाड.

थोडा मागचा भागही लिहा, नाहीतर नातवंडांना कळणार नाही की वावराच्या मधात रेल्वेच्या खोल्या आल्याच कशा. यवतमाळ-मूर्तिजापूर लाईन १९०३ ची, अचलपूरकडची १९१३ ची, दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, किलिक निक्सन कंपनीचा कारभार, आणि सगळं कशासाठी तर वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीवर चढवून मुंबईला न्यायला. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या तरी ही लाईन कंपनीच्याच मालकीची राहिली अन् गाडी मात्र सरकारी रेल्वे चालवायची. आता नुसतं शकुंतला शकुंतला करून लोक रडतात, अन् रुळाची गिट्टी सारखी करणाऱ्या गँगमनचं नावही कोणाला येत नाही, त्याचा मला राग येतो.

कागद कुठं मिळतील? पहिले गावची जिल्हा परिषद शाळा. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, बापाचं नाव, शाळा सोडली ती तारीख आणि कारण असते. जिथं "वडिलांची बदली" लिहिलं दिसेल ते घर बहुतेक लाईनीतलंच. हेडमास्तरांना अर्ज द्या, त्यांच्या समोर बसून उतरवा, मोबाईलनं पानाचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, त्यात जात अन् जन्मतारीख असते. दुसरं, नोव्हेंबर महिन्यात पेन्शनवाल्या बँकेत जाऊन बसा. हयातीचा दाखला द्यायला सगळे रिटायर रेल्वेवाले नाहीतर त्यांच्या बायका येतात, तासभर लाईन असते, अन् लाईनीतला माणूस बोलायला मोकळा असतो. हे मूर्तिजापूरला जास्त जमेल, मेन लाईनचं गाव असल्यानं तिथं रेल्वेतून निवृत्त झालेले लोक सापडतील.

खोलीत आत मात्र जपून जा, आढं कुजलेली असतात अन् पावसाळ्यात साप निघतात.

प्रश्न : आम्ही आर्वीकडचे. पणजोबांनी भावाभावांसाठी एका रांगेत पाच घरं बांधली, मधात एकच भिंत. आता कवेलू (छपराची कौलं) काढून टिन टाकून राहिलो तर कवेलूच्या मागं इंग्रजीत बेसल मिशन, मंगलोर अन् १८६५ असं छापलेलं निघालं. म्हणजे घर १८६५ चं ना? मोठे काका पाटी करायला टाकायला निघाले आहेत.

उत्तर : काकांना थांबवा! १८६५ हे मंगलोरच्या त्या कारखान्याचं सुरू झाल्याचं साल आहे, ट्रेडमार्कसारखं कवेलूवर छापायचे, घराशी त्याचा संबंध नाही. तसंही विचार करा, नागपूरला रेल्वेच आली १८६७ ला आणि पुलगाव-आर्वीची छोटी गाडी १९१७ ला, तर १८६५ मध्ये मंगलोरहून कवेलू आर्वीला बैलबंडीनं कोण आणणार.

पण छापलेलं नाव कामाचं आहे. हा कारखाना स्विस-जर्मन मिशनऱ्यांचा होता, पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी तो त्यांच्या हातून काढला अन् पुढं तो कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला. तुमच्या कवेलूवर बेसल मिशन आहे म्हणजे कवेलू त्याच्या आधीचा. घर आधीचं असेलच असं नाही, कारण चांगला कवेलू कोणी फेकत नव्हतं, एक घर पडलं की दुसऱ्यावर चढायचा, माकडांनी फोडले की मिळेल तो जुना लावायचा. पाचही घरांवर सगळे एकाच छापाचे असतील तर एकदम आणले असतील, वेगवेगळे असतील तर वेळोवेळी बदलले. टिनवाला भंगारात नेण्याआधी हे मोजून घ्या.

घराचं साल पाहिजे तर खरेदीखत बघा, नसेल तर तहसीलमधून अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्काची जुनी नोंद, काढा, १९५४-५५ चा. १९५६ पर्यंत आपण मध्यप्रदेशात होतो म्हणून जुना कागद हिंदीत निघाला तर घाबरू नका. आणि टिन टाकताय ते टाका बापा, पण मे महिन्यात मला आठवाल.

प्रश्न : आमचं बालपण जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, चाळीत गेलं, हिंगणघाटच्या बाजूला. दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत जिन चालायची, सरकीचा वास, डोक्यात रुई. चाळीची दोन टोकं होती, इकडचे अन् तिकडचे, पाणी वेगळं. आता सगळे चांगले बोलतात, एकमेकांच्या लग्नाला जातात. हे लिहू की गाळू?

उत्तर : लिहा. गाळलं तर चाळ राहील पण खोटी राहील. फक्त ते लिहायला तुम्ही एकटे बसू नका, तिकडच्या टोकाच्या लोकांकडे आधी जा आणि त्यांना सांगू द्या, कारण पाणी वेगळं होतं हे तुम्ही पाहिलं, त्यांनी भोगलं. पाणी वरून कोण वाढायचं, किती वेळ उभं राहावं लागायचं, १९५६ च्या ऑक्टोबरात चाळीतून कोण नागपूरला गेलं, परत आल्यावर घरातले देव कोणी काढले, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या आणि नाव छापायचं की नाही तेही त्यांना ठरवू द्या. उधारी, दारू, कोणाची पोरगी कोणाबरोबर गेली, असलं मात्र जिवंत माणसांच्या नावानं लिहू नका, गाव छोटं असते.

जिनिंगमालकाची चाळ गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीत नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचं रजिस्टर, बघा, त्यात मालकाबरोबर भोगवटादाराचाही रकाना असतो, कधीकधी नाव भरलेलं सापडते. बायकांची नावं तिथं मिळणार नाहीत. सरकी निवडणाऱ्या अन् रुई उचलणाऱ्या रेजांची, म्हणजे मजूर बायकांची, नावं फक्त दुसऱ्या रेजा सांगतील. विचारून घ्या लवकर.

प्रश्न : जुन्या चाळीतल्या लोकांचा मेळावा घ्यायचा आहे, दिवाळीत ठेवू का?

उत्तर : दिवाळीत कापूस वेचणी असते, गावातला माणूस येणार नाही अन् येईल तो पुण्याहून आलेलाच. महालक्ष्म्यांना, म्हणजे गणपतीतल्या गौरींना, सगळे गावी येतात तेव्हा ठेवा, पण जेवणाच्या दिवशी नाही, त्या दिवशी बायका स्वयंपाकात मरतात आणि तुम्हाला पाहिजेत त्या बायकाच. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. उरलेल्या पुरणपोळ्या चालतील, भाषणं नकोत, आणि आमदारसाहेबांना बोलवायचं असेल तर दुसऱ्या कोणत्या दिवशी बोलवा.